लाल आलंच नाही

माझ्या वडिलांच्या गाडीने माझ्या गाडीला मागून ठोकलं आणि त्यांच्या दारावरचा तेवीसचा आकडा शून्यावर आला. एवढंच झालं. आता हे झालंच नाही असं धरून पुढे चला. आमच्या घरी आम्ही तिघं सतरा दिवस तसंच धरून चाललो होतो. आम्हाला जमलं म्हणजे तुम्हालाही जमेल.

तर, काहीही झालेलं नसताना, आधी बाबा. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे एक खोली, बारा खुर्च्या, रस्त्यावरच्या चिन्हांचा एक तक्ता (त्यातलं ‘पुढे अरुंद पूल’ उन्हाने उडून गेलंय, त्यामुळे बाबांचे विद्यार्थी अरुंद पुलावर बेधडक जातात) आणि एक छोटी पांढरी गाडी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. शिकणारा घाबरून स्टिअरिंगला मिठी मारतो तेव्हा बाबा शेजारी बसल्या बसल्या पायाने गाडी थांबवतात आणि बोलणं मात्र थांबवत नाहीत.

गाडीच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलंय: ‘२३ वर्षे. एकही ओरखडा नाही.’ आकडा दर वर्षी बदलतो. त्या दिवशी बाबा सकाळी लवकर आंघोळ करतात, खाली पेपर अंथरतात, जुना आकडा पुसून बारीक ब्रशने नवा काढतात आणि मग लांब उभं राहून इतका वेळ बघत बसतात की आई म्हणते, "झालं असेल तर आत या. आकडा कुठे पळून जात नाही."

त्यांची शिकवायची एक पद्धत आहे. पुढच्या गाडीचा ब्रेकचा दिवा लागला की शिकणाऱ्याने मोठ्यांदा ‘लाल!’ म्हणायचं. मनातल्या मनात चालत नाही. "नुसतं बघितलेलं डोळ्यातच राहतं," बाबा सांगतात, "तोंडाने म्हटलं की पायापर्यंत पोचतं." त्यामुळे आमच्या भागात एखादी गाडी पंचविसाच्या वेगाने जात असेल आणि आतून कुणी ‘लाल! लाल!’ असा आक्रोश करत असेल, तर लोक पोलीस बोलावत नाहीत. मी स्वतः सहा वर्षांचा असल्यापासून लाल ओरडतोय. डॉक्टरांनी तपासणीसाठी रक्त काढलं तेव्हाही ओरडलो होतो.

आणि अशा माणसाच्या पोटी जन्म घेऊन मी माझ्या गाडीचं काय केलं ते ऐका.

गाडी सेकंडहँड. आधीचे मालक दातांचे डॉक्टर होते आणि त्यांनी ती जाहिरातीतल्या दातासारखी ठेवली होती. माझ्याकडे आल्यावर तीन वर्षांत तिने चार फॅशनी भोगल्या. पहिल्या वर्षी आवाजाची फॅशन होती. सायलेन्सर असा बसवला की गाडी सुरू झाली की समोरच्या घरातलं बाळ रडायचं, आणि बाळाची आई गॅलरीत येऊन जे बोलायची ते ऐकून बाळ गप्प व्हायचं. मग गाडी खाली बसवायची फॅशन आली. स्प्रिंगा कापून घेतल्या. गाडी इतकी खाली गेली की प्रत्येक गतिरोधकाला टर्बोला उतरावं लागे. टर्बो म्हणजे माझा मित्र. त्याच्या गाडीला टर्बो नाही. त्याला गाडीच नाही. मग पोटाखाली निळे दिवे लावायची फॅशन आली. रस्त्यावरून फिश टँक चालल्यासारखं दिसायचं, आणि आत मासे म्हणून आम्ही दोघं.

यंदा काळं आलं. चाकं काळी, जाळी काळी, कंपनीचं नाव काळं. गाडी दुखवट्यात असल्यासारखी गप्प आणि काळी पाहिजे. "आवाज आता काका लोक करतात," टर्बो म्हणाला. म्हणून मी सायलेन्सर काढून मूळचा बसवला, आणि घरी सांगितलं, "बाबा, तुमच्या शब्दाला मान देऊन काढला."

बाबा दोन वर्षं त्या आवाजावरून बोलत होते.  त्या दिवशी जेवताना मात्र मला तीनदा विचारलं, "अजून वाढू?" खोटं बोलून मी इतकं पोटभर कधी जेवलो नव्हतो.

शेवटी राहिले मागचे दिवे. काळ्या गाडीला दोन लालभडक दिवे म्हणजे दुखवट्याला लिपस्टिक लावून आल्यासारखं, असं टर्बोचं मत पडलं. रेडियमवाल्याकडे गेलो. त्याने दिव्यांवर काळी फिल्म ताणून, गरम हवेने शेकून, कोपऱ्याकोपऱ्यात बसवली. तास गेला. खोटं कशाला बोलू, मी विचारलं होतं.

"ब्रेक मारला की दिसेल ना?"

"अंधारात झकास दिसतो."

"आणि दिवसा?"

"दिवसा काय, सगळंच दिसतं."

हे उत्तर मला पटलं. आजही मी या वाक्याकडे वेगवेगळ्या बाजूंनी बघतो आणि ते मला का पटलं हे सापडत नाही.

दुसऱ्याच दिवशी दुपारी चारला मी आणि टर्बो निघालो, तर पुढे बाबांची पांढरी गाडी. चालवत होत्या शिवणताई. शिवणताई म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई, वय अठ्ठावन्न. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने टीप मारतात आणि ती सरळ येते. शिवलेले कपडे स्वतःच गिऱ्हाइकांना पोचवायचे म्हणून गाडी शिकत होत्या. त्यांचा तो नववा धडा होता. ‘लाल’ त्या इतक्या मायेने म्हणायच्या की पुढच्या गाडीवाल्याने आभार मानावेत.

मी ओव्हरटेक केलं. कारण एकच होतं: गाडी किती शांत झालीय ते बाबांना दाखवायचं होतं. पुढे जाऊन त्यांच्यासमोर त्यांच्याच वेगाने सज्जनासारखा चालवायला लागलो. आरशात बाबा दिसत होते. ते ताईंना काहीतरी सांगत होते आणि हसत होते. माझ्याबद्दलच सांगत असणार. ऊन मागून थेट माझ्या गाडीच्या पाठीवर पडलं होतं.

चौकात सिग्नल पिवळा झाला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी पिवळ्याला कधीही थांबलेलो नाही. पिवळा म्हणजे ‘आवरा, निघा’ असंच मला वाटत आलंय. पण मागे बाबा होते. आयुष्यात पहिल्यांदा, केवळ वडिलांसमोर नियम पाळावा म्हणून, मी कचकन ब्रेक मारला.

मागून ‘लाल’ ऐकू आलं नाही. ‘धाड्’ ऐकू आलं.

कोणी मेलं नाही. ताईंची हनुवटी स्टिअरिंगला लागली. बाबांनी शेवटच्या क्षणी त्यांच्या बाजूचा ब्रेक इतका जोरात दाबला की घोटा मुरगळला. ते लंगडत उतरले, आधी ताईंना उतरवलं, समोरच्या फर्निचरच्या दुकानातल्या विकायला ठेवलेल्या सोफ्यावर बसवलं आणि पाणी आणायला आत गेले.

"फिल्म काढ," टर्बो म्हणाला.

"काय?"

"पोलीस येईल. फिल्म दिसली तर चूक आपली. नाही दिसली तर मागच्याची. मागचा नेहमीच चुकीचा असतो."

"मागचा माझा बाप आहे."

"मग काय, घरच्या घरातच आहे."

मी काढली. उन्हाने गोंद मऊ झाला होता. जी बसवायला तास लागला ती निघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. डावीकडची अख्खी निघाली, उजवीकडची तुकड्यांत. सगळी चुरगळून पँटच्या मागच्या खिशात कोंबली. बाबा पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आले तेव्हा माझे दिवे दातांच्या डॉक्टरांच्या काळात होते तितके लाल होते.

ट्रॅफिक पोलीस आला. वही काढली. ताईंना विचारलं, "ब्रेकचा दिवा दिसला नाही का?"

"लाल आलंच नाही," ताई म्हणाल्या.

"असं कसं होईल?"

"नाही आलं, साहेब. आलं असतं तर मी म्हटलं असतं. मी चुकत नाही त्यात. सरांना विचारा."

पोलीस मला म्हणाला, "बस आणि ब्रेक दाब."

मी बसलो. दाबला.

मागे लख्ख लाल उजेड पडला असणार. मला तो दिसत नव्हता. मला आरशात ताईंचा चेहरा दिसत होता. त्या सोफ्यावरून उठल्या, दोन पावलं पुढे आल्या, दिव्यांकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं, सुई धरतात त्या हाताकडे, आणि परत जाऊन सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. दुकानदार म्हणाला, "टेकून बसा, ताई, स्पंज चांगला आहे." त्या टेकल्या नाहीत.

"ताई, डोळ्यांचं काही नाही," बाबा म्हणाले. "माझं अंतर चुकलं."

मी गाडीतून उतरलो. बाबा माझ्याजवळ आले, लहानपणी द्यायचे तशी मागच्या खिशावर हलकी थाप दिली आणि म्हणाले, "चल." मला धीर आला. इतक्या मोठ्या प्रसंगात बापाने पाठीशी उभं राहावं तर ते असं, असं माझ्या मनात आलं. मग बाबांनी पोलिसाच्या वहीत सही केली: मागील वाहनाची चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आंघोळ केली, खाली पेपर अंथरला आणि बारीक ब्रश घेतला. ‘० वर्षे. एकही ओरखडा नाही.’

"अहो, निदान खालचं वाक्य तरी काढा," आई म्हणाली. "पुढचा बंपर बघा. लोक हसतील."

"पुढचं धरून लिहिलंय," बाबा म्हणाले. या वेळी ते लांब उभं राहून बघत बसले नाहीत. ब्रश धुतला आणि लंगडत आत गेले. मी खिडकीत होतो. मी दात घासत होतो. मी अकरा मिनिटं दात घासले.

त्यानंतरचे सतरा दिवस, आधी सांगितल्याप्रमाणे, काहीही झालेलं नव्हतं. बाबा रोज जेवताना एकदा विचारायचे, "काही म्हणायचंय का तुला?" मी म्हणायचो, "नाही. कशाबद्दल?" आई एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघायची आणि म्हणायची, "तुम्ही दोघं बोला तरी, नाहीतर मला एखादा रेडिओ आणून द्या." नाव नोंदवायला आलेले दोन जण दारावरचं शून्य बघून परत गेले. एक जण मात्र ते बघूनच आला. त्याला वाटलं स्कूल नवीन आहे, फी कमी असेल.

खिशातली फिल्म मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकली होती. टाकताना तुकडे कमी वाटले. पण पुरावा कमी भरला म्हणून कोणी तक्रार करतं का?

सतराव्या दिवशी ताईंचा आवाजी मेसेज आला. बाबांनी तो जेवताना मोठ्याने लावला.

"सर, मी उद्यापासून येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणतात एकदम चांगले आहेत. मग दुसऱ्यांना दाखवलं, तेही तेच म्हणतात. आता सुईत दोरा एका झटक्यात जातो आणि समोरचं लाल दिसत नाही म्हणजे दोष डोळ्यांत नाही, डोक्यातच असणार. कापड चुकलं तर उसवता येतं, सर. रस्त्यावर कोणाला काही झालं तर काय उसवू? तुमची दारावरची तेवीस वर्षं माझ्यामुळे गेली. माफ करा."

मेसेज संपला. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"काही म्हणायचंय?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे रांगेत उभे होते. मी तोंड उघडलं.

"मीठ," मी म्हणालो.

"तुझ्या समोरच आहे," आई म्हणाली.

बाबांनी ताट बाजूला केलं, ताईंना फोन लावला आणि म्हणाले, "ताई, सोडा हवं तर. पण उद्या शेवटचं एकदा वर्गात या. गाडी चालवायची नाही, नुसतं बसायचं." मग मला म्हणाले, "तूही ये. पेडल दाबायला माणूस पाहिजे. माझा पाय अजून दाबत नाही."

वर्गात बाबांची एक फळी आहे. भंगारातून आणलेल्या गाडीचा मागचा दिवा त्यावर बसवलाय, तारांनी बॅटरीला जोडलाय आणि खाली खरं ब्रेकचं पेडल. नवे विद्यार्थी खुर्च्यांवर बसतात, कोणीतरी पेडल दाबतं, सगळे ओरडतात. त्या दिवशी आठ जण होते. ताई शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर धरून, बस यायची वाट बघत असल्यासारख्या.

"दाब," बाबा म्हणाले.

दाबलं. "लाल!" सात जण ओरडले. ताईंचे नुसते ओठ हलले.

"दाब."

"लाल!"

मग बाबांनी खिडकीचा पडदा सारला. ऊन थेट फळीवर आलं. शर्टाच्या खिशातून त्यांनी चार घड्या केलेलं काहीतरी काढलं, उलगडलं आणि दिव्यावर चिकटवलं. काळी फिल्म. एका कोपऱ्याला माझ्या जीन्सचे निळे धागे चिकटलेले होते.

त्या क्षणी मला खिशावरची ती थाप आठवली. ती थाप नव्हती. मी अख्खी फिल्म खिशात घातल्याच्या समजुतीत होतो, पण एक तुकडा बाहेरच चिकटून राहिला होता. मी पोलिसासमोर ढुंगणावर गाडीचा दिवा लावून फिरत होतो. बाबांनी तो पोलिसाला दिसायच्या आत अलगद सोलून घेतला. आणि नंतर सही केली. आधी नाही. नंतर.

"दाब," बाबा म्हणाले.

खोलीत कोणीच ओरडलं नाही.

"दाब की."

"दाबलंय," मी म्हणालो.

आठही जणांनी खाली माझ्या पायाकडे बघितलं. पाय पेडलवर तळापर्यंत होता. परत वर दिव्याकडे बघितलं. दिवा काळा आणि गप्प होता.

ताई उठल्या. रांगेतून वाट काढत पुढे आल्या, फळीसमोर वाकल्या, फिल्मवर बोट फिरवलं, गिऱ्हाइकाने आणलेलं कापड बघतात तसं. "हेच," त्या म्हणाल्या. "हाच काळा. सर, मी म्हणत होते ना, लाल आलंच नाही!"

"तुम्ही बरोबर होतात, ताई. मी पहिल्याच दिवशी हे दाखवायला हवं होतं. उशीर केला."

"कुठे मिळालं तुम्हाला?"

"सापडलं," बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे बघितलं नाही. एकदाही नाही. सतरा दिवस रोज बघत होते, आता बघायचं थांबले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला ओरडा खायची सवय आहे, मी तो चांगला खातो. पण त्यांचं ते खिडकीकडे बघणं काही माझ्या घशाखाली उतरेना.

"माझी आहे," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला की पहिल्या रांगेतल्याने विचारलं, "काय?"

"फिल्म माझी आहे. मीच लावली. आणि ठोकल्यावर मीच काढली. पोलीस यायच्या आत."

पाय अजून पेडलवरच होता. काढायचं सुचलं नाही.

ताईंनी मला वरपासून खालपर्यंत मापलं. "दोन डॉक्टर केले मी," त्या म्हणाल्या. "स्वतःला वेडी ठरवलं. आणि तू त्या दिवशी माझ्यासमोर दिवा लावून दाखवलास? माझ्या तोंडावर?"

"हो, मावशी."

"मावशी म्हणू नकोस. आत्ता नको."

"हो."

त्या मागे जाऊन बसल्या. मग बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सर, उद्याचा माझा धडा किती वाजता? आणि याला मागच्या सीटवर बसवा. माझ्याबरोबर लाल म्हणू दे. पुढे नको, मागे."

दुपारी मी बाबांना ब्रश आणून दिला. पेपरही अंथरला. "तेवीस परत काढा," मी म्हणालो. "चूक माझी होती, आता सगळ्यांना माहीत आहे."

"मागचा नेहमी चुकीचा," बाबा म्हणाले. "हे मी तेवीस वर्षं शिकवलं. आता पुढे माझा मुलगा होता म्हणून नियम बदलू? दिवा दिसो न दिसो, अंतर ठेवायचं काम मागच्याचं. तू पुढे दिसलास आणि मी ताईंना तुझं कौतुक सांगत बसलो. अंतराकडे लक्ष नव्हतं."

"काय सांगत होतात?"

"की पोरगा सुधारला. माझ्या शब्दासाठी सायलेन्सर काढला."

मी पेपरची घडी केली. परत उलगडली. परत केली.

"बाबा, त्या सायलेन्सरचं पण..."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "टर्बोने आईला सांगितलं होतं. मला वाटलं, कारण काही का असेना, काढला ना."

दुसऱ्या दिवशी मी परिवहन कार्यालयात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं, पेन कानावर ठेवलं आणि म्हणाला, "चूक नावावरून काढा, असे अर्ज येतात. चूक माझ्या नावावर लावा, असा पहिलाच."

"त्याचा फॉर्म?"

"नाही. साध्या कागदावर लिहा."

"मग होईल?"

"होणार नाही. पण आवक क्रमांक मिळेल."

मी बाकावर बसून लिहिलं. त्याने शिक्का मारला. प्रत सोबत जोडतो आहे.

प्रति,
मा. अधिकारी,
परिवहन कार्यालय.

विषय: झालेली धडक योग्य इसमाच्या नावे वर्ग करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयान्वये अर्जदार सादर करतो की, मागील महिन्यात चौकात झालेल्या धडकेची नोंद मागील वाहनातील प्रशिक्षक, म्हणजेच अर्जदाराचे वडील, यांच्या नावे झालेली असून ती चुकीच्या माणसाकडे गेलेली आहे. तरी ती त्यांच्याकडून काढून अर्जदाराच्या नावे लावण्यात यावी. तसेच सदर प्रशिक्षकांची विनाओरखडा तेवीस वर्षे त्यांना परत देण्यात यावीत, आणि कार्यालयाकडे शिल्लक नसल्यास ती अर्जदार पुढे जी वर्षे विनाओरखडा चालवणार आहे त्यांतून आगाऊ कापून घेण्यात यावीत. शिवणकाम करणाऱ्या महिला शिकाऊ चालकांची दृष्टी त्या दिवशी निर्दोष होती असे त्यांना लेखी कळवण्यात यावे, व त्यावर गोल शिक्का असावा.

उपरोक्त काहीही नियमात बसत नसल्यास, त्या दिवशीचे दुपारचे चार वाजून दहा मिनिटे एवढी वेळ अर्जदारास एकदाच परत देण्यात यावी. अर्जदार त्या वेळी फिल्मशिवाय हजर राहील, ही नम्र विनंती.